नऊ नंबरची पिन

मागच्या शनिवारी रात्री साडेअकराला मामेभावाचा फोन. इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे.

"दादा, कोड बरोबर आहे रे, पण मोटर फिरत नाहीये. सोमवारी दाखवायचंय."

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे त्याची अपेक्षा होती की मी कोड बघेन. मी विचारलं, "ड्रायव्हर कुठला?"

"आयआर २११०."

"नऊ नंबरची पिन कशाला जोडलीयेस?"

पलीकडे थोडा वेळ खुडबुड. मग, "बारा व्होल्टला. तीन नंबरला पण बाराच आहे ना, म्हणून दोन्ही एकत्र केल्या."

मला हसू आलं, कारण काही वर्षांपूर्वी कॉलेजात आम्ही चौघांनी बरोब्बर हेच केलं होतं. त्याला काय करायचं ते एका वाक्यात सांगून फोन ठेवला. पण झोप काही येईना. ही पिन मुळात आहेच कशाला, हा प्रश्न तेव्हा आम्हाला कोणी विचारला नाही आणि आम्हीही कोणाला विचारला नाही. रविवार त्यातच गेला. तर आजचा लेख त्यावर.

ज्यांचा या भानगडीशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मोटरसारखा जड लोड चालू-बंद करायला मॉस्फेट वापरतात. त्याच्या गेटवर पुरेसा व्होल्टेज दिला की तो चालू. नेहमीच्या मॉस्फेटला 'पुरेसा' म्हणजे साधारण १० व्होल्ट. आणि आपला मायक्रोकंट्रोलर बोलतो ५ व्होल्टमध्ये, हल्ली तर ३.३ मध्ये. मध्ये जो दुभाषी बसतो तो गेट ड्रायव्हर. एका कानाने लहान आवाज ऐकायचा, दुसऱ्या बाजूला मोठ्याने ओरडायचं, एवढंच त्याचं काम. ओरडायला त्याला मोठा सप्लाय लागतो. प्रश्न असा की ऐकताना 'एक' कशाला म्हणायचं आणि 'शून्य' कशाला, हे त्याने कुठल्या सप्लायवरून ठरवायचं?

आता आमची कहाणी. एटी८९सी५१ कंट्रोलर, बारा व्होल्टची बॅटरी, आयआर २११०, तपकीर गल्लीतून आणलेले आयआरएफझेड ४४. पिन तीन आणि पिन नऊ, दोन्ही सप्लायच्या, म्हणून दोन्ही बॅटरीवर. सुरुवातीला फक्त खालच्या बाजूचा मॉस्फेट जोडून बघत होतो. मोटर ढिम्म. मल्टिमीटरवर कंट्रोलरच्या पिनवर जवळजवळ ५ व्होल्ट स्वच्छ दिसतायत. वैतागून एकाने बॅटरीची वायर थेट ड्रायव्हरच्या इनपुटला टेकवली आणि मोटर फिरायला लागली! यावरून आम्ही चार भावी इंजिनिअरांनी निष्कर्ष काढला की कंट्रोलर खराब आहे. तीन कंट्रोलर बदलले. तीन.

उत्तर डेटाशीटमध्येच होतं. आयआर २११० ला 'एक' कळायला किमान ९.५ व्होल्ट लागतात आणि ६ व्होल्टपर्यंतचं सगळं 'शून्य', असं त्यात लिहिलंय. पण ते कधी? नऊ नंबरच्या पिनवर १५ व्होल्ट असताना. ती पिन खाली आणली की हे आकडेही साधारण त्याच प्रमाणात खाली येतात. बारावर ठेवली तर 'एक'साठी साडेसातच्या आसपास हवेत. आमचे ५ व्होल्ट त्या बिचाऱ्याला 'एक' वाटतच नव्हते. पिन कंट्रोलरच्या ५ व्होल्टला जोडली असती की झालं असतं.

म्हणजे मल्टिमीटर खरं बोलत होता, कंट्रोलरही खरं बोलत होता, फक्त ऐकणाऱ्याच्या व्याख्येत ते बसत नव्हतं. शिवाजी फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्याच्या मशीनवर उघडली की काय व्हायचं, आठवतंय? फाइलमधलं एकही अक्षर हललेलं नसायचं, तरी समोर नुसती रांगोळी.

ही दोन वेगळ्या व्याख्यांची भानगड सुरू झाली १९६० च्या दशकात.

त्या दशकाच्या सुरुवातीला लॉजिक चिप्सचा नुसता बाजार भरला होता आणि प्रत्येकाचा व्होल्टेज वेगळा. फेअरचाइल्डच्या आरटीएल गेट्सना ३.६ व्होल्ट. मोटोरोलाच्या ईसीएलला चक्क उणे ५.२. १९६१ मध्ये टीआरडब्ल्यू कंपनीतल्या जेम्स ब्यूई यांनी टीटीएल नावाची रचना शोधली, १९६३ मध्ये सिल्व्हेनियाने ती बाजारात आणली, आणि १९६४ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने लष्करी वापरासाठी ५४०० मालिका काढली. त्याच गेट्सची प्लास्टिकमधली स्वस्त आवृत्ती म्हणजे १९६६ ची ७४०० मालिका. आपल्याकडच्या प्रत्येक डिजिटल लॅबमध्ये ज्या चिपच्या पिना वाकवून आपण ब्रेडबोर्डवर बसवतो, तीच ही.

७४०० चा सप्लाय ५ व्होल्ट. पण म्हणून टीटीएलचा 'एक' ५ व्होल्ट नसतो, आणि लॅबमध्ये इथेच आपण सगळे गंडतो. वर जाणाऱ्या वाटेत ट्रान्झिस्टर आणि डायोड असे दोन जंक्शन येतात, प्रत्येक जण आपले ०.७ व्होल्ट कापून घेतो. हातात येतात साधारण साडेतीन. कंपनी हमी देते फक्त २.४ ची. ऐकणाऱ्या बाजूलाही तेच: इनपुट पलटतं साधारण १.४ व्होल्टला, म्हणजे पुन्हा दोन जंक्शन. त्याच्या अलीकडे-पलीकडे जागा सोडून नियम झाला की ०.८ च्या खाली शून्य, २.० च्या वर एक. देणारा शून्य म्हणताना ०.४ च्या वर जाणार नाही आणि एक म्हणताना २.४ च्या खाली येणार नाही. दोन्हीकडे ०.४ व्होल्टचा मोकळा पट्टा, गोंगाटासाठी.

लक्षात घ्या, ह्यात सप्लायचा कुठे संबंधच नाही. टीटीएलचा 'एक' सिलिकॉनच्या जंक्शनला खिळलेला आहे. हे आकडे कोणी समितीत बसून गोल केलेले नाहीत, सिलिकॉनच्या स्वभावातून पडलेले आहेत.

दुसरी व्याख्या सीमॉसची. १९६३ मध्ये फेअरचाइल्डमध्ये फ्रँक वॉनलास आणि सी. टी. साह यांनी ती मांडली, तिची मोठी जाहिरात म्हणजे नुसतं बसून राहताना ती नॅनोवॉटमध्ये वीज खाते. १९६८ मध्ये आरसीएने ४००० मालिका आणली. ही चिप ३ व्होल्टपासून पुढे १५ आणि नंतर १८ व्होल्टपर्यंत कशावरही चालते. सीमॉसमध्ये एक ट्रान्झिस्टर वर खेचतो, एक खाली, दोघांची ताकद सारखी. म्हणून पलटण्याची जागा सप्लायच्या मधोमध कुठेतरी येते आणि सप्लाय वाढला की तीही वर सरकते. ५ व्होल्टवर 'एक' म्हणजे ३.५ च्या वर, १० वर ७ च्या वर, १५ वर ११ च्या वर. थोडक्यात टक्केवारी.

एक म्हणतो दोन व्होल्ट म्हणजे दोन व्होल्ट. दुसरा म्हणतो माझ्या पगाराच्या सत्तर टक्के. मला विचाराल तर दुसरी व्याख्या जास्त देखणी आहे. सप्लाय कितीही असो, दोन्हीकडे गोंगाटाला भरपूर जागा. पण तिला एक अट आहे: बोलणारा आणि ऐकणारा एकाच सप्लायवर हवेत. वेगळे झाले की संपलं. गंमत म्हणजे एकाच ५ व्होल्टवर असले तरी जमत नाही! टीटीएल देणार २.४ ची हमी आणि सीमॉस मागणार ३.५. म्हणून लोक एक रेझिस्टर लावून टीटीएलची आउटपुट वर खेचायचे. सीमॉसला १५ व्होल्टवर चालवायचं असेल तर ७४०७ नावाची चिप मध्ये टाकायचे. तिची आउटपुट उघडी असते आणि ३० व्होल्टपर्यंत सहन करते, रेझिस्टर तेवढा वरच्या सप्लायला बांधायचा. झ्यायलॉगचं १९७६ चं झेड ८० सुद्धा फक्त ५ व्होल्टवर चालायचं, तरी त्याच्या क्लॉक पिनला सप्लायच्या ०.६ व्होल्टच्या आत पोचणारा 'एक' लागायचा. साध्या टीटीएलला ते झेपत नाही, म्हणून तिथेही रेझिस्टर आलाच.

मग पुढे १९८० च्या दशकात ७४एचसी आणि ७४एचसीटी अशी जुळी भावंडं आली. दोघंही आतून सीमॉस. शेवटच्या 'टी'चा अर्थ एवढाच की मी सीमॉस असलो तरी टीटीएलची व्याख्या पाळीन. एका अक्षराचा तह! दुकानात मात्र 'एचसी दे' म्हटलं की जी असेल ती हातात ठेवतात, ते असो.

आता गेट ड्रायव्हरकडे. आमच्या पुस्तकात हा विषय पॉवर इलेक्ट्रॉनिक्समध्ये येतो, त्यामुळे मला वाटायचं हे मोटरवाल्यांचं काम. ते तसं नाही. टीटीएलच्या छोट्या सिग्नलवरून मोठ्या व्होल्टेजला गेट हलवायची गरज आधी कॉम्प्युटरवाल्यांना पडली, आणि तीही मेमरीसाठी. १९७० मध्ये इंटेलने ११०३ ही डायनॅमिक मेमरी चिप काढली. ती पीमॉस, तिला १६ व्होल्टच्या घरातला सप्लाय आणि तेवढेच उंच सिग्नल लागायचे. बाकीचा कॉम्प्युटर टीटीएलचा. १९७४ चं ८०८० घ्या. त्याला तीन सप्लाय: १२, ५ आणि उणे ५. क्लॉक तर टीटीएलचा चालायचाच नाही, किमान ९ व्होल्ट उंच हवा. त्यासाठी इंटेलने ८२२४ ही वेगळी चिप दिली आणि तिला दोन सप्लाय पिना होत्या, एक ५ ची आणि एक १२ ची. ओळखीचं वाटतंय का? १९७६ मध्ये ८०८५ आलं, त्याने हे सगळं पोटात घेतलं आणि एका ५ व्होल्टवर चालायला लागलं. नावातला शेवटचा ५ त्याचाच म्हणतात. ज्यांनी ८०८५ च्या किटवर बेरजा केल्यात त्यांनी हा आकडा शेकडो वेळा लिहिला असेल, मीही लिहिलाय, पण त्यामागे एक आख्खा १२ व्होल्टचा क्लॉक गाडलेला आहे हे कुठे माहीत होतं!

त्याच काळात नॅशनल सेमिकंडक्टरची डीएस ००२६ नावाची चिप होती. काम: टीटीएल सिग्नल घ्यायचा, २० व्होल्टपर्यंतचा मॉस क्लॉक बाहेर काढायचा. मॉस गेट म्हणजे विजेच्या दृष्टीने एक छोटा कपॅसिटर. असे शेकडो गेट एका क्लॉकच्या तारेवर लटकले की तो मोठा कपॅसिटर होतो, आणि तो झटकन भरायला-रिकामा करायला दणकट धक्का लागतो. ही चिप दीड ॲम्पिअरचा धक्का द्यायची.

आणि मग १९७० च्या दशकाच्या अखेरीला पॉवर मॉस्फेट आला. इंटरनॅशनल रेक्टिफायरमध्ये अलेक्स लिडो आणि टॉम हर्मन यांनी हेक्सफेट बनवला. एका चिपवर हजारो छोटे षटकोनी मॉस्फेट समांतर जोडलेले, गेट सगळ्यांचा एकच. पुन्हा तोच मोठा कपॅसिटर! तेव्हा लोकांनी काय केलं असेल? कॉम्प्युटरच्या खणातली डीएस ००२६ उचलली आणि पॉवर सप्लायमध्ये बसवली. मला हा भाग फार आवडला. मेमरीचा क्लॉक हलवायला केलेली चिप मोटर हलवायला लागली, कारण दोन्हीकडे गेटच तो.

हे गेट थेट कंट्रोलरने हलवलं तर काय होतं याचा हिशोब करून बघा. आयआरएफझेड ४४ एन चा गेट पूर्ण भरायला ६३ नॅनोकुलोम्बपर्यंत चार्ज लागतो. ८९सी५१ ची पिन 'एक' म्हणताना २.४ व्होल्टवर ६० मायक्रोॲम्पिअरची हमी देते. भागाकार केला तर साधारण एक मिलिसेकंद. एक किलोहर्ट्झच्या पीडब्ल्यूएमचा आख्खा कालावधीच तेवढा! गेट उघडेपर्यंत मिटायची वेळ आलेली असेल. आणि ५ व्होल्टवर तो नीट उघडत नाहीच. १० व्होल्ट मिळाले तर त्याचा रोध साडेसतरा मिलिओहम, ५ ॲम्पिअरला जेमतेम अर्धा वॉट उष्णता. हीटसिंक नसली तरी २५-३० अंश वाढतील, चालतंय. पण अर्धवट उघडून त्याच्यावर २ व्होल्ट अडकले तर १० वॉट. हीटसिंकशिवाय दर वॉटला ६२ अंश, म्हणजे हिशोब ६२० अंशांचा येतो. तो आकडा येण्याआधीच मॉस्फेट गेलेला असतो. दुभाषी लागतो तो यासाठी.

तर असा सगळा वारसा घेऊन इंटरनॅशनल रेक्टिफायरने आयआर २११० काढला. दोन मॉस्फेट हलवतो, त्यातला वरचा ५०० व्होल्टवर तरंगत असला तरी. दोन ॲम्पिअरचा धक्का. चिप उलटीसुलटी करून बघा: एक ते सात या बाजूला सगळी ताकदीची कामं, आठ ते चौदा बाजूला सगळी ऐकायची. ऐकायच्या बाजूला स्वतःचा सप्लाय, पिन नऊ. आणि स्वतःचा ग्राउंडसुद्धा, पिन तेरा. म्हणजे डिझाइन करणाऱ्यांनी 'एक' कशाला म्हणायचं हा वाद सोडवलाच नाही. त्यांनी तो आपल्यावर सोपवला. नवव्या पिनला ज्याचा सप्लाय द्याल त्याची भाषा मी बोलेन. १५ व्होल्टच्या सीमॉसबरोबर काम आहे? १५ द्या. ५ चा कंट्रोलर? ५ द्या. डेटाशीटमध्ये ही मर्यादा ३.३ पासून २० पर्यंत दिलीय.

मायक्रोचिपच्या टीसी ४४२७ सारख्या ड्रायव्हरांनी दुसरा रस्ता घेतला. सप्लाय १८ व्होल्टपर्यंत काहीही असो, इनपुट २.४ च्या वर एक, ०.८ च्या खाली शून्य. म्हणजे सरळ टीटीएलची व्याख्या. वेगळी पिन नको, विद्यार्थ्यांनी चुकायला जागा नको. खरं सांगायचं तर कॉलेजच्या प्रोजेक्टला मी हाच रस्ता सुचवेन. पण १५ व्होल्टच्या यंत्रात, मोठमोठे करंट शेजारी धडधडत असताना, तो ०.४ व्होल्टचा पट्टा किती पुरणार? तिथे टक्केवारीवाली व्याख्या आडदांड गोंगाट पचवते. त्यामुळे नऊ नंबरची पिन हा कोणाचा वेडेपणा नव्हता.

आमच्या प्रोजेक्टचं पुढे काय झालं ते राहिलंच. पिन नऊ ५ व्होल्टला नेली, मोटर फिरली, चौघांनी चहा मारला, मग पूर्ण ब्रिज जोडला. सगळं मस्त चालू असताना एकाने सहज रीसेटचं बटण दाबलं. 'ठप्प' असा आवाज, आणि दोन मॉस्फेटमधून धूर. ८०५१ रीसेट झाला की त्याच्या सगळ्या पिना 'एक' होतात. आयआर २११० वरचा आणि खालचा मॉस्फेट एकदम चालू करायला नकार देत नाही, सांगितलं की करतो. म्हणजे बॅटरी थेट शॉर्ट. आधी चुकीच्या जोडणीमुळे त्याला आमचं काही ऐकूच येत नव्हतं, म्हणून ते इतके दिवस वाचले होते! :)

१९९० च्या दशकात ३.३ व्होल्ट आले. १९९३ चं पहिलं पेंटियम ५ व्होल्टचं, १९९४ चं ३.३ चं. तेव्हा ३.३ च्या लॉजिकसाठी जी प्रमाण व्याख्या ठरली तिच्यात ०.८ आणि २.० हेच आकडे ठेवले गेले. आज ईएसपी ३२ असो की रास्पबेरी पायचं पिको, ३.३ व्होल्टचा बोर्ड जुन्या टीटीएल इनपुटला सहज 'एक' ऐकवू शकतो, ते त्यामुळे. टक्केवारीवाल्या इनपुटला, सप्लाय १२ असेल, तर काहीच ऐकू जात नाही. मामेभावाचा बोर्ड ३.३ चाच होता.

मॉस्फेटही खाली यायला लागले. १९८० च्या दशकात 'लॉजिक लेव्हल' मॉस्फेट आले. आयआरएलझेड ४४ एन मध्ये आयआरएफ ऐवजी आयआरएल आहे, तो ५ व्होल्टच्या गेटवर २५ मिलिओहमपर्यंत उघडतो. पण गेटची सहनशक्ती २० वरून १६ व्होल्टवर आली, फुकट काही मिळत नाही. आणि हेक्सफेटवाले अलेक्स लिडो? त्यांनी २००७ मध्ये ईपीसी नावाची कंपनी काढून गॅलियम नायट्राइडचे ट्रान्झिस्टर बनवायला घेतले. ते ५ व्होल्टच्या गेटवर पूर्ण उघडतात आणि ६ व्होल्टच्या वर मरतात. म्हणजे आमचं बारा व्होल्टचं ओरडणं त्यांच्या कानाचा पडदाच फाडेल. खुद्द इंटरनॅशनल रेक्टिफायर २०१५ मध्ये इन्फिनिऑनमध्ये विलीन झाली, आयआर २११० मात्र प्रोजेक्टवाल्यांचा पिच्छा सोडत नाही.

रविवारी सकाळी मामेभावाचा मेसेज आला होता. नऊ आणि तीनमधली तार कापली, नऊ ३.३ ला नेली, मोटर फिरली. खाली एक प्रश्न: "दादा, मग तीन नंबर पण ५ लाच देऊ का? बारा व्होल्टची बॅटरी आणायचं झंझट वाचेल."

त्याला लिहिलं, नाही रे बाबा. तिथे १० ते २० च लागतात, आठच्या आसपास आलं की चिप स्वतःच आउटपुट बंद करते. बॅटरी आण, आणि रीसेटचं बटण दाबायच्या आधी मला फोन कर.